धूमकेतू हलतोय

"ही परत घ्या. हलते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण काउंटरवर आदळली.

चष्म्याच्या दुकानदाराने आधी काउंटरच्या काचेकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे आणि सगळ्यात शेवटी मास्तरांकडे. काच शाबूत होती, दुर्बीण शाबूत होती. मास्तरांचं तेवढं काही सांगता येत नव्हतं.

"हलते म्हणजे काय होतं नक्की?"

"हलते म्हणजे हलते! डोळ्याला लावली, तारा समोर आणला की तारा टुणकन उडी मारतो. धूमकेतू बघायचाय मला, बेडूक नाही!"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते मोटार ड्रायव्हिंगचे क्लास चालवायचे. सकाळी उजाडल्यापासून शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर उजवा पाय ठेवायचा आणि ओरडायचं. "आरशात बघा! आरसा भांग पाडायला दिलेला नाही!" "अहो, ती म्हातारी दिसत नाही का? तिला तुम्ही दिसलात, म्हणून वाचली बिचारी!" इतकी वर्षं हाच धंदा केल्यावर माणसाच्या नाकावर राग येऊन बसणार नाही तर काय होणार? घरी आल्यावरही तो तिथून उठायचा नाही. धंदा अंगात मुरलेला माणूस होता तो. बुटांचंही तसंच. उजव्या बुटाचा तळ दर वेळी डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा आणि मास्तर त्यासाठी चांभाराला झापून यायचे.

आता असा माणूस धूमकेतूच्या नादी का लागला? तर बायकोमुळे.

मास्तरांची बायको पडदे शिवायची. पायाने चालवायच्या मशीनवर दिवसभर बसून लोकांच्या खिडक्या सजवणारी ही बाई नवऱ्याकडे कधी काही मागत नसे. लग्नानंतर एकदाच म्हणाली होती, "मला गाडी शिकवा." मास्तरांनी शिकवायला घेतलीही. क्लासच्याच गाडीतून कालव्याच्या कडेच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. पण गाडी दहा पावलं गेली की गचका खायची आणि बंद पडायची. पुन्हा चालू केली की पुन्हा गचका. मास्तर ओरडायचे, बायको रडवेली व्हायची. शेवटी मास्तरांनी निकाल दिला, "तुझ्या पायात गाडी नाही. सोड नाद." तिने सोडला. मास्तर मात्र हा किस्सा दर नव्या शिकाऊला हसत हसत सांगायचे, "अहो, घाबरू नका. माझी सख्खी बायको नाही शिकू शकली, तुम्ही काय चीज आहात!"

त्यानंतर एवढ्या वर्षांनी तिने दुसरी गोष्ट मागितली. पेपरात बातमी आली होती. संध्याकाळी सूर्य बुडाला की पश्चिमेला धूमकेतू दिसणार, थोडेच दिवस, मग तो जो जाणार तो आपली नातवंडंही म्हातारी झाल्यावर परत येणार. गावातल्या दिव्यांमुळे नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, दुर्बीण लागेल.

"मला बघायचाय हो तो," ती म्हणाली. "पुन्हा काही आपल्या नशिबात नाही."

मास्तरांना एकदम भरून आलं. भरून आलं की ते मोठ्याने बोलायचे. "दाखवतो! मी दाखवतो तुला! कुठल्या लुंग्यासुंग्याची गरज नाही!"

लुंगासुंगा म्हणजे त्यांचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बँकेतला, तोंडात साखर आणि डोक्यावर बर्फ. त्याच्याकडे आधीपासून दुर्बीण होती. त्याने लगेच फोन केला होता, "या की आमच्या गच्चीवर. आमची आपली साधीच आहे, लहानशी, पण काय सुरेख दिसतो म्हणता!" त्या 'साधीच'ने मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा दिली ती सात पटीची दुर्बीण. हलकी, मोठ्या भिंगांची, हातात धरून आकाश बघायला अगदी सोयीची. तीच आता काउंटरवर पडली होती.

"पॉवर कमी पडतेय हिची," मास्तर म्हणाले. "जरा दमदार दाखवा."

"अहो, उलटं असतं ते," दुकानदार समजुतीने म्हणाला. "जितकी पट जास्त, तितका थरथराट जास्त दिसतो. तारा सातपट मोठा होतो तसा तुमचा हातही सातपट हलतो. वीस पटीची घेतलीत तर..."

"वीस पटीची आहे?"

दुकानदाराने जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला होता.

वीस पटीची दुर्बीण म्हणजे काय प्रकरण असतं, ते बघितल्याशिवाय कळत नाही. दोन दुधाच्या बरण्या एकमेकींना बांधल्यासारखी दिसत होती. मास्तर ती गळ्यात अडकवून गच्चीचा जिना चढले तेव्हा पुढे वाकूनच चढले. मागून बायको पाण्याची बाटली आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन.

"आधी मी नीट लावून देतो," मास्तर म्हणाले. "मग तू बघ."

हे ते रोजच म्हणायचे. सूर्य बुडायचा, पश्चिमेची लाली उतरायची, समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर, दोन बोटं उजवीकडे, तिथे तो असायला हवा. मास्तर दुर्बीण डोळ्याला लावायचे. टाकी, टाकीची शिडी, शिडीवरचा कावळा. मग हळूहळू उजवीकडे. आणि काठावरून तो आत शिरायचा. फिकट, लांब शेपटीचा. शिरला रे शिरला की सगळं आकाश धाडकन हलायचं आणि धूमकेतू गायब!

"गेला! पुन्हा गेला! बघितलंस?"

"मी कुठून बघणार? दुर्बीण तुमच्याकडे आहे."

"थांब जरा! लावून देतोय ना!"

पुन्हा टाकी, शिडी, कावळा. पुन्हा धूमकेतू, पुन्हा धाडकन. खालून कुणीतरी काहीतरी ओरडलं. मास्तरांनी कठड्यावरून वाकून "गप्प बसा!" असं उत्तर दिलं. इमारतीत कोण कशासाठी ओरडतंय याच्याशी त्यांना काय देणंघेणं? होता होता धूमकेतू टाकीच्या मागे उतरायचा आणि बायको खुर्ची उचलायची.

"उद्या बघू," ती म्हणायची. आवाजात राग नसायचा. त्यानेच मास्तरांना जास्त राग यायचा.

बघा ना, या माणसाने संध्याकाळच्या शिकवण्या बंद ठेवल्या होत्या. बायकोसाठी! आणि तो शेपटीवाला दळभद्री गोळा टाकीमागे बुडताना जणू वाकुल्या दाखवून जात होता. वर साडूचा रोज फोन. "दिसला का? आम्हाला तर आज शेपटीतले दोन भागसुद्धा वेगळे दिसले." मास्तरांनी फोन असा ठेवला की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात शिरले तेव्हा दुकानदार एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवत होता. मास्तरांना पाहून त्याने ती बाईंच्या कानात खुपसली.

"वीस पटीची वीस पट हलते!" मास्तर गरजले.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं काय? तुम्ही मला बिघडलेला माल देता आणि वर शहाणपण शिकवता?"

दुकानदारही माणूसच. त्याचाही पारा चढला. "माल उत्तम आहे. हात हलतोय तुमचा!"

"माझा हात? माझा?" मास्तरांनी उजवा हात ताठ पुढे केला. "ठेवा! पाण्याचा ग्लास ठेवा याच्यावर! काठोकाठ भरून!"

दुकानदाराने ठेवला. नाकावर फ्रेम घेतलेल्या बाई श्वास रोखून बघत राहिल्या. थेंब सांडला नाही. पाण्यावर साधा तरंग नाही. मास्तर रागाने लालबुंद झालेले, मिशी थरथरतेय, पण हात म्हणजे भिंत. डाव्या हातानेही तेच.

"बोला आता! हात हलत नाही, मग काय हलतंय? तुमची दुर्बीण!"

दुकानदाराने दुर्बीण घेऊन दारात उभं राहून स्वतः बघितलं. रस्त्याच्या टोकाची औषधाच्या दुकानाची पाटी त्याला जरा थरथरती पण ठळक दिसली. मग मास्तरांनी बघितलं. पाटी दिसली. तेवढ्यात काठावरून एक सायकल आत शिरली आणि धाडकन! पाटी, सायकल, रस्ता, सगळं आभाळात.

"हे बघा! हे बघा!"

"मला तर नीट दिसतंय," दुकानदार रडकुंडीला येऊन म्हणाला. "एक करा. हा स्टँड न्या. तीन पायांचा. यावर बसवा, हात लावूच नका. मग तर नाही ना हलणार? पण कृपा करा, पुन्हा येऊ नका."

"हलली तर येणारच!" मास्तर म्हणाले आणि स्टँड बगलेत मारून निघाले.

ती शेवटची संध्याकाळ होती. पेपरात स्पष्ट छापलं होतं, उद्यापासून धूमकेतू इतका फिका आणि इतका खाली जाणार की मोठमोठ्या दुर्बिणींनाही सापडायचा नाही. बायकोने दुपारीच मशीन बंद केलं. केस विंचरले, ठेवणीतली शाल घेतली. मास्तरांनी ते बघितलं आणि स्टँडचे स्क्रू पुन्हा एकदा आवळले. आज दाखवायलाच हवा होता. आज नाही दाखवला तर साडूच्या गच्चीवरच्या गप्पा जन्मभर ऐकाव्या लागणार, आणि ही बाई काही बोलणार नाही, नुसती मशीनवर बसून राहणार.

आकाश स्वच्छ होतं. गच्चीच्या मधोमध स्टँड उभा केला, त्यावर त्या दोन बरण्या बसवल्या. मास्तरांनी हात पाठीमागे बांधले आणि डोळे नुसते टेकवले. टाकी, शिडी. कावळा घरी गेला होता. स्टँडचा दांडा हनुवटीने हळूच ढकलला. काठावरून धूमकेतू आत आला.

धाडकन!

"अरे, हात लावलाच नाही मी!" मास्तर किंचाळले. "आता हात पण नाही! अगं, तू बघतेयस ना? माझे हात कुठे आहेत?"

"पाठीमागे आहेत."

"मग? मग कोण हलवतंय?" त्यांनी पुन्हा डोळे टेकवले. पुन्हा धूमकेतू, पुन्हा धाडकन. या वेळी भिंग कपाळावर आपटलं. "कळलं! ही इमारतच हलतेय! त्या बिल्डरने सिमेंटच्या जागी राख घातलीय राख! उद्या सकाळी त्याच्या हापिसात जाऊन..."

त्याच वेळी गच्चीचं दार उघडलं आणि घड्याळवाले काका आत आले. गच्चीच्या बरोबर खालच्या घरात राहायचे ते. म्हातारे, बारकुडे, घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. एका डोळ्याला त्यांची ती काळी दुर्बिणीसारखी भिंगाची नळी तशीच लावलेली होती आणि हातात चिमटा होता. जन्मात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण आज तो संतापाने थडथड उडत होता.

"काय चाललंय काय इथे? रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर धप्प! धप्प! बायकांच्या घड्याळाचा स्क्रू म्हणजे एवढासा, खसखशीएवढा! चिमट्यात धरला की धप्प! गेला उडून! चार दिवस जमिनीवर रांगतोय मी! रोज खालून ओरडतोय, तर वर म्हणता गप्प बसा!"

"कोण धप्प करतंय?" मास्तर त्यांच्या अंगावर गेले. "आम्ही दोन माणसं इथे शांतपणे आकाश बघतोय! धूमकेतू आवाज करतो का?"

"मग काय मी खोटं बोलतोय?"

"नाही तर काय! डोळ्याला नळकांडं लावून काहीही बरळताय! या इमारतीत कुणी धप्प करत नाही!"

धप्प.

"हे!" काका चिमटा मास्तरांच्या पायाकडे रोखून ओरडले. "हे काय केलंत आत्ता? हेच ते!"

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा बूट जमिनीत रुतवल्यासारखा दाबलेला होता. टाच टेकलेली, पंजा पुढे, गुडघा ताठ. मोटारीत शेजारी बसून ब्रेक दाबतात तसा, अगदी हुबेहूब.

"मी... मी नाही केलं हे," मास्तर म्हणाले.

"मग तुमच्या बुटात दुसरं कोण आहे?"

मास्तरांनी पुन्हा दुर्बिणीला डोळे लावले. आता बायको खाली वाकून त्यांच्या पायाकडे बघत होती, काका नळी लावलेल्या डोळ्याने बघत होते. काठावरून धूमकेतू आत शिरला. आणि इतकी वर्षं रस्त्याच्या कडेने कुत्रं, म्हातारी, सायकल, चेंडू, काहीही आत शिरलं की जो पाय खाली जायचा, तो मालकाला न विचारता खाली गेला. धप्प! धाडकन!

"अय्या!" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही धूमकेतूला ब्रेक मारताय!"

काका हसायला लागले. हसता हसता नळी डोळ्यातून गळून पडली. मास्तरांचं डोकं भणाणलं. कुणावर ओरडावं तेच कळेना. दुकानदार निर्दोष, दुर्बीण निर्दोष, बिल्डरसुद्धा निर्दोष. आपल्याच पायावर ओरडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"वेळ नका घालवू," बायको म्हणाली. "टाकीजवळ आलाय तो. बसा खुर्चीवर. मांडी घालून बसा, पाय वर घ्या."

मास्तर निमूट बसले. पाय वर घेतले. काकांनी स्टँड खाली केला, बायकोने दुर्बीण डोळ्यांसमोर धरली. टाकी आली. शिडी आली. काठावरून तो आत आला, मास्तरांची मांडी जागच्या जागी फडफडली, पण दाबायला खाली काही नव्हतं. आणि धूमकेतू थांबला.

पांढुरका, मऊ, मागे लांब पसरत गेलेली शेपटी. मास्तरांनी श्वास सोडला. किती वर्षांनी त्यांच्या समोरची एखादी गोष्ट अशी न बिथरता उभी होती! त्यांना मनापासून आनंद झाला. आनंद झाला की काय करायचं असतं, तेही त्यांना पटकन आठवेना.

"दिसला!" ते हळूच म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "अगं, दिसला! स्थिर आहे! ये, ये लवकर, बघ! मी म्हटलं होतं ना, मी दाखवीन!"

बायको आली नाही.

मास्तरांनी दुर्बिणीतून डोळे काढले. ती तिथेच उभी होती, शाल घट्ट लपेटून. ती आकाशाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या दुमडलेल्या उजव्या पायाकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "कालव्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडायची, ती कशी हो?"

मास्तरांनी पाय आणखी आत ओढून घेतला.

"मी क्लच सोडायचे. गाडी निघायची. छान निघायची. मग समोरून काहीतरी यायचं. एखादी म्हैस, एखादं पोर. आणि गचका बसून बंद. तुम्ही ओरडायचात, ‘तुझ्या पायात गाडी नाही.’"

"ते... तेव्हा गाडी जुनी होती," मास्तर पुटपुटले.

"जुनी!" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो आवाज मास्तरांनी ऐकला नव्हता. बहुधा तिनेही नव्हता. "हे पाय दिवसभर मशीनवर असतात माझे! एक टाका वाकडा जात नाही! आणि इतकी वर्षं मी मनात धरून बसले की माझ्या पायातच खोट आहे! भाजीला चालत गेले, आईला बघायला धक्के खात गेले! आणि तुम्ही तो किस्सा लोकांना सांगून हसायचात! माझ्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा सांगितलात!"

मास्तरांना संताप आला. नेहमीसारखा तळपायातून वर चढत आला. उजवा पाय दाबायला ब्रेक शोधू लागला. पण तो डाव्या मांडीखाली अडकला होता, आणि खाली जमीनच नव्हती. संताप थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि जायला वाट न मिळाल्यामुळे विरून गेला. त्याच्या जागी जे उरलं ते फार ओशाळवाणं होतं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

घड्याळवाले काका दुसरीकडे बघू लागले.

"सरका," बायको म्हणाली. मास्तर खुर्चीवरून उतरायला गेले. "उतरू नका! पाय खाली ठेवू नका! नुसते सरका."

ते खुर्चीवर मांडी घालूनच बाजूला कलले. तिने वाकून डोळे टेकवले, बोटाने दुर्बीण केसभर हलवली. टाकीच्या कडेला शेपटी टेकेपर्यंत ती तशीच उभी होती. तिचा हात हलला नाही, पाय हलला नाही.

मास्तरांनी भीत भीत विचारलं, "कसा दिसतोय?"

"छान दिसतोय," ती डोळे न काढता म्हणाली. आवाज ओला होता, पण राग काही उतरला नव्हता. "उद्या सकाळी गाडीची किल्ली मला द्यायची. आपण कालव्याच्या रस्त्यावर जाणार आहोत. मी चालवणार."

"बरं. मी शेजारी..."

"शेजारी नाही. तुम्ही मागे बसायचं. मांडी घालून."

"आणि बूट काढून!" काका म्हणाले.